समुद्र ‘टू निअर’ आहे, म्हणजे नेमका किती?

पत्र

सप्रेम नमस्कार. आमचं घर मालवण तालुक्यात, समुद्रापासून चालत चार मिनिटांवर. चार वर्षांपूर्वी मागच्या दोन खोल्या नीट करून घेतल्या आणि पाहुणे ठेवायला लागलो. राहणं, न्याहारी, सांगितलं तर दोन्ही वेळचं जेवण. पाहुणे बहुतेक पुण्या-मुंबईचे, कोल्हापूरचे, पण अलीकडे परदेशातूनही विचारणा होते. मी मराठी माध्यमाची, इंग्रजी पाचवीपासून. बोलायला घाबरते, पण लिहायला भीत नव्हते. गेल्या दिवाळीनंतर इंग्लंडच्या एका जोडप्याने विचारलं तेव्हा मी स्वतःच उत्तर लिहिलं: ‘अवर रूम्स आर टू बिग. सी इज टू निअर. फूड इज टू स्पायसी अँड टू टेस्टी.’ त्यांचं उत्तर आलं, भरतीचं पाणी घरात शिरतं का? आणि तिखट कमी करता येईल का? मुलगी रत्नागिरीला इंजिनिअरिंग करते. तिने ते वाचलं आणि सगळ्या घरासमोर हसली. म्हणाली, ‘आई, टू म्हणजे वाईट. तू टू लिहूच नकोस.’ आणि त्याच रात्री मी केलेली खापरोळी खाताना म्हणते, ‘आई, यू आर टू गुड!’ म्हणजे मी वाईट?

ते जोडपं आलं, चार दिवस राहिलं. जाताना वहीत लिहून गेलं: ‘यू कान्ट हॅव टू मेनी ऑफ दोज वडाज.’ मला वाटलं, वडे पुरेसे मिळाले नाहीत अशी तक्रार आहे. कोंबडी-वड्यांना मी प्रत्येकी पाच वाढले होते, वर आणखी हवेत का विचारलंही होतं. त्या रात्री डोळ्याला डोळा नाही. मुलीला विचारायची आता लाज वाटते. इंग्रजी उत्तरं तिच्याकडून लिहून घेते, आणि तिची परीक्षा असली की उत्तर राहतं, पाहुणे दुसरीकडे जातात. हा टू काय प्रकार आहे ते एकदाचं सांगा.

— एक वाचक, मालवण

उत्तर

ताई,

वड्यांनी झोप घालवली म्हणता, म्हणून आधी वडे. ती तक्रार नव्हे. त्या वाक्याचा अर्थ, हे वडे कितीही खाल्ले तरी कमीच. पाहुण्यांच्या वहीत याहून चांगला शेरा मी तरी वाचलेला नाही. ते पान जपून ठेवा. वाक्य उलटं का वाटलं ते पुढे सांगते. तिथे भलेभले अडखळतात, जन्मापासून इंग्रजी बोलणारेसुद्धा.

आता टू. तुमच्या चुकीचं मूळ इंग्रजीत शोधू नका, ते आपल्या ‘फार’मध्ये आहे. सासूबाई म्हणाल्या, ‘चहा फार गोड झालाय,’ तर तुम्ही कप उचलून आत नेता. त्याच सासूबाई म्हणाल्या, ‘शेजारची पोर फार गोड आहे,’ तर पोरीला कोणी उचलून आत नेत नाही. शब्द तोच. पहिला टोमणा, दुसरं कौतुक. ‘फार’ आपल्याला माप सांगतो. हद्द ओलांडली की नाही ते आपण बोलणाऱ्याच्या आवाजावरून आणि कपाळावरच्या आठीवरून ओळखतो. इंग्रजीत ही दोन कामं दोन शब्दांत वाटून दिलेली आहेत. नुसतं माप सांगायचं तर व्हेरी. माप हद्दीबाहेर गेलं असं सांगायचं तर टू. आणि पत्रात, मेसेजमध्ये कपाळ दिसत नाही, त्यामुळे सगळा भार शब्दावर पडतो.

हद्दीबाहेरचं सांगायची सोय मराठीत नाही असं कोणी म्हणेल तर ऐकू नका. आपण ते काम एका अक्षरात करतो. ‘आमटीत मीठ जास्त आहे’ म्हटलं की ती माहिती झाली. ‘मीठ जास्तच झालंय’ म्हटलं की ताट सरकवलं. हा जो शेवटचा ‘च’ आहे ना, तोच इंग्रजांचा टू. सांभाळून सांगायचं असेल तर आपण म्हणतो ‘जरा जास्तच’, आणि तेही नेमकं तेवढंच सांभाळून म्हणतात, ‘अ बिट टू’. तुम्ही लिहिलेलं उत्तर आता ‘जास्तच’ घालून वाचून बघा: आमच्या खोल्या जास्तच मोठ्या आहेत, समुद्र जास्तच जवळ आहे, जेवण जास्तच तिखट आहे आणि जास्तच चविष्ट आहे. असं वाचून त्या बिचाऱ्यांनी भरतीच्या पाण्याबद्दल विचारलं, यात त्यांचं काय चुकलं? उलट एवढं वाचूनही ते आले, याचं मला कौतुक वाटतं.

मी हा धडा कस्टर्डच्या वाटीत शिकले. नव्वदच्या दशकात शिक्षकांच्या एका प्रशिक्षणासाठी इंग्लंडला सहा आठवडे होते. एका वयस्कर बाईंच्या घरी खोली मिळाली होती. पहिल्या रविवारी जेवणानंतर त्यांनी ॲपल क्रंबल केलं. शिजवलेल्या सफरचंदांवर मैदा, लोणी आणि साखरेचा भरडा पसरून भाजतात आणि वरून गरम कस्टर्ड ओततात. आठवडाभर उकडलेले बटाटे खाल्लेल्या माझ्या जिभेला ते अमृत लागलं. मी मनापासून म्हटलं, ‘इट इज टू स्वीट!’ बाई कावऱ्याबावऱ्या झाल्या. म्हणाल्या, ‘ओह, आय ॲम सो सॉरी.’ मला वाटलं, किती हा विनय! म्हणून मी आणखी जोर लावून म्हटलं, ‘नो, नो! टू, टू स्वीट!’

पुढच्या रविवारी त्यांनी साखर कमी केली. त्या पुढच्या रविवारी आणखी कमी. तिकडे क्रंबलला ब्रॅम्ली नावाचं हिरवं सफरचंद वापरतात, ते खास शिजवायचं फळ, आंबटपणात आपल्या कैरीच्या भावकीतलं. साखर काढली की काय उरतं ते तुम्ही कोकणातल्या आहात, तुम्हाला सांगायला नको. मी पाच रविवार दात आंबवून हसतमुखाने ते संपवलं. निघायच्या दिवशी बाई म्हणाल्या, ‘आय होप आय गॉट द शुगर राइट इन द एंड.’ शेवटी तरी साखर बरोबर झाली ना? तेव्हा माझ्या डोक्यात उजेड पडला, टॅक्सी दारात उभी असताना.

आणि मी तर इंग्रजीची बाई! वर्गात शेकडो मुलांकडून ‘रिमूव्ह टू’ करून घेतलेली. आठवतं ना तुम्हालाही? ‘द टी इज टू हॉट टू ड्रिंक.’ टू काढा. ‘द टी इज सो हॉट दॅट आय कॅनॉट ड्रिंक इट.’ एका गुणाचा प्रश्न, हमखास यायचा. तो आपण सगळ्यांनी यंत्रासारखा सोडवला, पण मधेच हा ‘कॅनॉट’ आला कुठून, हे कोणी विचारलं नाही. मूळ वाक्यात नकार दिसत नाही. तो टूच्या पोटात दडलेला होता. टू काढला तसा बाहेर पडला. या एका गोष्टीत टूचं सगळं मर्म आहे. टू म्हणजे ‘इतकं, की नाही’. इतका गरम की पिता येत नाही. पुढचं वाक्य तुम्ही लिहा वा न लिहा, ऐकणारा मनात ते पुरं करतो. ‘सी इज टू निअर’ वाचून त्यांनी मनात पुरं केलं: इतका जवळ, की रात्री निर्धास्त झोपता येत नाही.

म्हणून लिहिण्याआधी एवढंच करा. मनात म्हणा, ‘इतकं की नको’. बसतंय? मग टू. नाही बसत? मग व्हेरी, सो, रिअली, काहीही चालेल. खोल्या इतक्या मोठ्या की नकोत? छे. व्हेरी लिहा.

बातम्यांमध्येही हा टू भेटतो. २००८ सालच्या अमेरिकेतल्या बँक-संकटापासून ‘टू बिग टू फेल’ हे शब्द मराठी वर्तमानपत्रांतही येतात. बोल मात्र त्याहून जुना. १९८४ मध्ये शिकागोची काँटिनेंटल इलिनॉय ही बँक बुडायला आली, सरकारने ती वाचवली, आणि त्यावरच्या चर्चेत स्टुअर्ट मॅकिनी नावाच्या तिथल्या खासदाराच्या तोंडून हे शब्द गाजले. इतकी मोठी, की बुडू देता येत नाही. आपली रिझर्व्ह बँकही २०१५ पासून अशा बँकांची यादी जाहीर करते आणि स्टेट बँक पहिल्यापासून तीत आहे. माझी एक विद्यार्थिनी ‘टू बिग टू फेल’चा अर्थ ‘नापास होण्याइतकी मोठी’ असा सांगायची. दोन्ही टू एकाच जातीचे समजल्यावर दुसरं काय होणार? खरं तर पहिला दोन ओंचा, दुसरा एका ओचा, आणि दोनाचा आकडा म्हणजे डब्ल्यूवाला तिसराच. देवनागरीत लिहिले की तिघं जुळे भाऊ. इंग्रज मात्र बोलतानाही फरक करतात. एका ओचा टू ते गिळतात, जेमतेम ‘ट’ ऐकू येतो. दोन ओंचा पुरा, लांब उच्चारतात.

आता वड्यांचं वाक्य. टूच्या पोटात एक नकार आहे हे बघितलं. ‘यू कान्ट हॅव टू मेनी’ यात आधीच एक उघडा नकार आहे, कान्ट. आत एक, बाहेर एक. ‘जास्तच झाले’ अशी अवस्था येऊच शकत नाही, असं ते वाक्य म्हणतं. म्हणजे कितीही खा, जास्त होणार नाहीत. ‘यू कान्ट बी टू केअरफुल’ हे त्याचंच भावंड: कितीही जपलं तरी कमीच. तुम्ही ते सरळ शब्दाला शब्द लावून वाचलंत, ‘तुम्हाला जास्त वडे मिळू शकत नाहीत,’ आणि खरं सांगायचं तर हाही अर्थ निघतो. साखरेच्या पेशंटला डॉक्टर हेच वाक्य बोलले तर त्याचा अर्थ, वडे बेताने खा. ताट पुढ्यात असताना, पोट भरल्यावर, वहीत कोण लिहितंय, यावरून अर्थ ठरतो. त्या दोघांनी पाच-पाच वडे संपवले होते, नाही का?

या जातीच्या वाक्यांनी शास्त्रज्ञांनाही दमवलंय. १९७९ मध्ये पीटर वेसन आणि शुली राइख या दोघांनी एका इंग्रजी वाक्यावर आख्खा शोधनिबंध लिहिला. वाक्य असं: ‘नो हेड इंज्युरी इज टू ट्रिव्हियल टू बी इग्नोअर्ड.’ वाचणारा प्रत्येक जण मान डोलावतो, बरोबर आहे, डोक्याला लागलेलं कितीही किरकोळ असो, दुर्लक्ष करू नये. पण टू काढून बघा, शाळेतल्यासारखा. ‘दुर्लक्ष करता येणार नाही इतकी किरकोळ अशी डोक्याची कोणतीही दुखापत नसते.’ म्हणजे? म्हणजे सगळ्याच दुखापतींकडे दुर्लक्ष करा! वाक्य अगदी उलटं सांगतंय, आणि इंग्रजी मातृभाषा असलेले लोक ते वाचून समाधानाने पुढे जातात, कारण त्यांना जे ऐकायचं असतं तेच ते ऐकतात. मला हे समजावून घ्यायला कागद-पेन्सिल लागली होती. तुम्ही एका रात्रीत वैतागलात, त्यात नवल नाही.

आता तुमच्या कन्येकडे वळू. ‘टू म्हणजे वाईट’ हे तिचं अर्धं बरोबर. पण मग तुम्हाला टू गुड म्हणाली ते काय? ते कौतुकच, निखळ. आपल्याकडच्या तरुण मुलांत ‘टू गुड’ म्हणजे ‘भारी’, आणि ‘तू ना, टू मच आहेस’ म्हणजे निम्मा लाड, निम्मी तक्रार. आपण ‘फार’ची ढिलाई टूला शिकवली आणि इथल्या इथे ती चालते, कोणाचं अडत नाही. खुद्द इंग्रजही आभार मानताना म्हणतातच, ‘यू आर टू काइंड.’ दडलेला नकार तिथेही आहे: इतकी भलाई, की माझी तेवढी योग्यता नाही. आपण पाहुणचार घेताना काय म्हणतो? ‘अहो, कशाला एवढं केलंत!’ परक्या माणसाने शब्दाला शब्द लावला तर त्याला वाटेल, भांडतायत. तर लेकीला पुढच्या वेळी सांगा, ‘यू आर टू गुड’मधला टू काढून दाखव. ‘सो गुड दॅट…’ पुढे काय ते तिने पुरं करायचं. जे पुरं करेल ते मला कळवा, मला उत्सुकता आहे.

एक मात्र तिला सांगाच, हसण्याबद्दल. ती हसली याचं मला काही वाटत नाही, घरात हसतातच. पण तिच्या हसण्याने तुम्ही लिहायचं थांबलात आणि गिऱ्हाईक गेलं, हा हिशेब तिला माहीत असायला हवा. रागाने नको, नुसता आकडा सांगा, मागच्या परीक्षेत किती विचारणा विनाउत्तर राहिल्या.

तुमच्या व्यवसायात टूचा सर्वांत उपयोगी अवतार कोणता, तर ‘नॉट टू’. इथे टूची धार जाते आणि तो आपल्या ‘फारसा’सारखा वागतो. ‘फारसा’ बघा कसा आहे, नकाराशिवाय तो चालतच नाही. ‘फारसं तिखट नाही’ म्हणतो, पण ‘फारसं तिखट आहे’ असं कोणी म्हणत नाही. ‘नॉट टू स्पायसी’ म्हणजे फारसं तिखट नाही. परदेशी पाहुण्याला सोलकढी देताना, बांगड्याच्या तिरफळ घातलेल्या आमटीबद्दल सांगताना हेच दोन शब्द लागतात. आणि पाहुणा ‘नॉट टू बॅड’ म्हणाला तर वाईट वाटून घेऊ नका. इंग्लंडचा असेल तर तो खूश आहे.

टू मच आणि टू मेनी यांत फार वेळ घालवायला नको. मोजता येतं ते मेनी, मोजता येत नाही ते मच: वडे टू मेनी, मीठ टू मच. ‘टू मच हॉट’ मात्र लिहू नका, नुसतं ‘टू हॉट’ पुरतं. जोर द्यायचाच असेल तर इंग्रज टूच्या आधी ‘फार’ लावतात. खरंच! ‘फार टू स्पायसी.’ हा त्यांचा फार म्हणजे लांब, दूर. आपल्या फारशी त्याचं नातं नाही. पण उच्चार ऐकून मला दर वेळी वाटतं, कोणी आपलंच माणूस बोलतंय.

टूचा दुसरा अर्थ तुम्ही विचारला नाही, तरी तुमच्या कामाचा आहे म्हणून सांगते. ‘मीही, मीसुद्धा, मीपण’ यालाही टूच. ‘वुई सर्व्ह ब्रेकफास्ट, अँड डिनर टू.’ एकाच शब्दाला ‘सुद्धा’ आणि ‘जास्तच’ हे दोन अर्थ कसे, असं वाटेल. मुळात हा शब्द एका ओच्या टूचाच जोर देऊन उच्चारलेला भाऊ, दोघांची स्पेलिंग सोळाव्या शतकाच्या सुमाराला वेगळी झाली. जर्मन भाषेत अजूनही एका ओच्या टूला, म्हणजे आपल्या ‘कडे’ला, आणि ‘जास्तच’ला एकच शब्द आहे, त्सू. ‘कडे’ वरून ‘त्यात आणखी भर’, आणि भर घालता घालता एक दिवस जास्तच होतं. आपला ‘अधिक’ असाच नाही का? बेरजेचं चिन्ह अधिक, दर अडीच-पावणेतीन वर्षांनी येणारा महिना अधिक, आणि ‘माझं काही अधिक-उणं बोलणं झालं असेल तर माफ करा’ म्हणतो तोही अधिकच. जावयाला अनारसे वाढताना तिन्ही अर्थ एकाच ताटात येतात.

या ‘सुद्धा’वरून तुमच्या हातून होऊ शकेल अशी एक चूक आत्ताच अडवते. आपला ‘सुद्धा’ दुहेरी आहे, ‘ही’ पण आणि ‘देखील, चक्क’ पण. म्हणून आपले लोक ‘मीसुद्धा येतेय’चं ‘ईव्हन आय ॲम कमिंग’ करतात. ते इंग्रजी कानाला लागतं, ‘माझ्यासारखीसुद्धा येतेय, बघा!’ तुम्ही ‘ईव्हन वुई हॅव हॉट वॉटर’ लिहिलंत, तर वाचणाऱ्याला वाटेल, आमच्यासारख्या गरिबाकडेसुद्धा गरम पाणी आहे. ‘वुई हॅव हॉट वॉटर टू’ लिहा, टू शेवटी. आणि पाहुणा म्हणाला, मी कांदा खात नाही, तर ‘मी टू’ म्हणू नका, ‘मी नायदर’ म्हणा. नकाराला टू चालत नाही.

आता तुमचं उत्तर. हे फोनमध्ये साठवून ठेवा, विचारणा आली की नाव बदलून पाठवा, मुलीच्या परीक्षेची वाट बघू नका. ‘अवर रूम्स आर लार्ज अँड एअरी. द सी इज अ फोर-मिनिट वॉक फ्रॉम द हाउस. द फूड इज होम-कुक्ड मालवणी फूड. इट इज स्पायसी, बट वुई कॅन मेक इट माइल्ड फॉर यू.’ यात टू नाही तसा व्हेरीही नाही, हे बघा. चार मिनिटं सांगितल्यावर किती जवळ, हा प्रश्नच उरत नाही. कोकणातला माणूस अंतर ‘हे काय, इथेच’ असं सांगतो आणि पाहुणा अर्धा तास चालतो. त्यापेक्षा घड्याळ बरं. ‘टेस्टी’ मी काढला. आपल्या जेवणाला आपणच चविष्ट म्हणायचं नसतं, ते वहीत दुसऱ्यांनी लिहायचं असतं, आणि ते त्यांनी लिहिलंय. परवानगी घेऊन वड्यांचं ते वाक्य खाली जोडा.

लेक म्हणते तसा टू अगदीच टाकून देऊ नका मात्र. एके ठिकाणी तुम्हाला तो हवाच. पावसाळ्यातही तुमच्याकडे लोक येत असतील, आणि त्यातल्या एखाद्याला पोहायची हुक्की येतच असेल. घराच्या समुद्राकडच्या दारावर एक पाटी लावा: ‘इन द मॉन्सून, द सी इज टू रफ टू स्विम इन.’ मराठीत खाली, ‘पावसाळ्यात समुद्रात उतरू नये.’ तिथे चुकूनही व्हेरी लिहू नका. ‘व्हेरी रफ’ वाचलं, की लाटा बघायला आणखी चार जण पँट दुमडून उतरतील.